‘नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत’ या वाक्याच्या पुढे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जेवणातून विषबाधा झाल्याची बातमी आपल्या अंकात आली की मी ती खालून वर वाचते. शेवटची ओळ बहुतेक वेळा ठरलेली असते : ‘बाधितांची प्रकृती स्थिर असून अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले आहेत.’ ते नमुने जिथे जातात तिथे मी ३१ वर्षे बसले होते. सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तंत्रज्ञ म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. नमुन्यांचे पुढे काय होते हे वाचकांना कळावे, आणि माझ्या स्वतःच्या घरी जे घडले त्यानंतर गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबले आहे, पण शक्य झाल्यास काटछाट न करता छापावे ही विनंती.

नमुना कसा यायचा ते आधी सांगते. गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी, बाहेरून चिकट, आतल्या वायूने टम्म फुगलेली. आत चार-पाच पदार्थ एकमेकांत कालवलेले, कारण ते आधी टाकून दिलेले असायचे आणि ओरड झाल्यावर कुणीतरी कचऱ्यातून उपसून भरलेले असायचे. चिठ्ठीवर दोनच शब्द : ‘शिल्लक अन्न’. कोणता पदार्थ, कधी शिजवला, कधी वाढला, कधी भरला, यातले काही नाही. घटना घडली तो दिवस आणि पिशवी आमच्या खिडकीवर आली तो दिवस यांत तीन-तीन, चार-चार दिवसांचे अंतर. मधल्या प्रवासात बर्फाचा पत्ता नाही. रुग्णाच्या शौचाचा नमुना तर क्वचितच यायचा, आणि आला तरी अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस पोटात गेल्यानंतरचा.

अशा पिशवीतून रोगजंतू वाढवून दाखवायचा म्हणजे जत्रेच्या गर्दीत हरवलेले पोर संध्याकाळी मैदान रिकामे झाल्यावर शोधण्यासारखे आहे. अन्न सडवणारे साधे जीवाणू एवढे माजलेले असतात की ज्याने माणसे आजारी पडली तो त्यांच्याखाली दबून जातो, कधी मरूनही जातो. जंतू वाढवायला नमुना ज्या प्लेटवर पसरलेला असतो ती दुसऱ्या दिवशी उघडावी तर सगळीकडे एकच गिचमिड वाढ. आम्ही पुन्हा लावायचो, जंतूंना पोसणाऱ्या वेगळ्या माध्यमावर लावायचो, आणि शेवटी छापील फॉर्मवर लिहायचो : ‘रोगजंतू आढळले नाहीत.’ हे वाक्य खोटे नव्हते. आम्हाला आढळले नव्हते हे खरेच होते. पण तो कागद प्रयोगशाळेतून बाहेर पडला की त्याचा अर्थ बदलायचा. ‘आढळले नाहीत’चे ‘नव्हते’ व्हायचे, आणि ज्याने जेवण पुरवले तो तोच कागद ढालीसारखा पुढे धरायचा. माझ्या सहीचे असे किती कागद कुणाकुणाच्या विरोधात वापरले गेले असतील, याचा नोकरीत असताना मी विचार केला नाही. आता करते.

माझे पती आता ६८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचा स्नेहमेळावा होता. साठेक माणसे, जेवणाचे कंत्राट बाहेर दिलेले. साडेआठला पाने वाढली. रात्री दीडला ते उठले ते बाथरूमपर्यंत पोचलेच नाहीत. उलट्या, पाठोपाठ जुलाब, पायात गोळे. त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. पहाटे चारला मित्रांचे फोन सुरू झाले : यांनाही होतेय, त्यांनाही होतेय. सकाळपर्यंत निम्म्याहून अधिक जण आडवे झाले होते.

त्या रात्री मी काय केले ते लिहिताना आजही हात थांबतो. फिनेल टाकून सगळी उलटी पुसून काढली. चादरी गरम पाण्यात भिजवल्या. तिथून त्यांनी एका डब्यात थोडे जेवण माझ्यासाठी आणले होते, ते फ्रिजमध्ये होते. तो डबा मी किळस येऊन कचऱ्यात रिकामा केला आणि घासून पालथा घातला. ३१ वर्षे जी बाई ‘नमुना नीट का पाठवत नाहीत’ म्हणून चिडायची, तिने स्वतःच्या हाताने एकमेव चांगला नमुना फेकून दिला. समोर आपले माणूस पांढरे पडलेले असताना पुरावा सुचत नाही. मला सुचला नाही, तर ज्याने आयुष्यात प्रयोगशाळा पाहिली नाही त्याला कसा सुचावा? या पत्रात पुढे जे मागणे आहे ते त्या रात्रीतून आले आहे.

सकाळी डॉक्टरांनी सलाइन लावले आणि लगेच अँटिबायोटिक सुरू केले. शौचाचा नमुना घेतला नाही. कुणी घेत नाही, कारण उपचार त्यावर अडत नाहीत. सहा दिवस रुग्णालयात गेले. शरीरातले पाणी एवढे कमी झाले होते की मूत्रपिंडांवर ताण आला. रक्तातले वाढलेले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांच्या कामाची खूण, उतरले, पण पहिल्या पातळीवर परत आलेच नाही. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते.

तिसऱ्या दिवशी अधिकारी त्या केटररच्या भटारखान्यात गेले. भांडी लख्ख घासलेली, ओटे धुतलेले. मग नमुना कशाचा घ्यायचा? पिण्याच्या पाण्याचा आणि कोरड्या पिठाचा घेतला. त्यांची तरी काय चूक, तिथे दुसरे काही उरलेच नव्हते. अहवाल आला, मी ज्या साच्याचे फॉर्म जन्मभर भरले त्याच साच्याचा : ‘रोगजंतू आढळले नाहीत.’ फक्त खाली सही दुसऱ्या कुणाची होती.

दरम्यान पुरवठादाराचा माणूस घरी येऊन गेला होता. फळे, औषधाच्या खर्चाचे पाकीट आणि सही करायला एक कागद, ‘आमची कोणतीही तक्रार नाही’. ह्यांनी पाकीट परत केले, सही केली नाही. इतर बऱ्याच जणांनी केली. मी त्यांना दोष देत नाही, अंगात ताप असताना कोण भांडत बसतो. पण ग्राहक न्यायालयात तक्रार उभी राहिली तेव्हा साठातले आम्ही चौघेच होतो. निकालात आजारपण मान्य झाले, रुग्णालयाची बिले मान्य झाली. तक्रार फेटाळली गेली ती एका वाक्यावर : आजार याच जेवणामुळे झाला हे सिद्ध झालेले नाही.

मला निकाल देणाऱ्यांविषयी राग नाही. त्यांच्यासमोर कागद होता आणि कागदावर काही आढळलेले नव्हते. राग आहे तो या व्यवस्थेत पुरावा कुणाच्या हातात असतो आणि मागितला कुणाकडे जातो, याचा. अन्न कुठून आणले, कधी शिजवले, किती वेळ कोमट राहिले, कुणाच्या बोटाला जखम होती, हे सगळे शिजवणाऱ्याला माहीत. खाणाऱ्याला माहीत फक्त चव. आणि सिद्ध करायचे खाणाऱ्याने.

त्या रात्री नेमके काय झाले असावे, याचा अंदाज मला आहे. अंदाजच म्हणते, कारण पुरावा नाही. जेवण साडेआठला आणि पहिली उलटी दीडला, म्हणजे पाच तास. इतक्या लवकर आणि एकदम इतक्या जणांना उलट्या होतात तेव्हा बहुधा जंतू पोटात जाऊन वाढलेले नसतात. त्यांनी अन्नातच तयार करून ठेवलेले विष पोटात गेलेले असते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू माणसाच्या नाकात, कातडीवर, पिकलेल्या जखमेत असतो. त्याचे विष अर्ध्या तासापासून आठ तासांत अंमल दाखवते. बॅसिलस सिरियस या दुसऱ्या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि शिजलेले अन्न तासन्‌तास कोमट राहिले की तेच जागे होऊन वाढतात. भांडी उचलायला आलेल्या एका मुलाने ह्यांच्या मित्राला सहज सांगितले होते, ‘दुपारी एकलाच सगळं उतरवलं होतं, काका.’ एक ते साडेआठ. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा टप्पा जीवाणूंना मानवणारा. त्यात मनासारखे वातावरण मिळाले तर काही जीवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. एकाचे सात तासांत २० लाखांहून अधिक होतात, कागदावर गणित करून पाहावे.

आणि ‘आम्ही वाढण्याआधी कडकडीत गरम केले होते’ हे उत्तर न्यायालयात फार जोरात दिले जाते, म्हणून मुद्दाम सांगते. उकळल्याने जीवाणू मरतात, पण स्टॅफिलोकॉकसचे विष तसेच राहते. जपानमध्ये २००० साली स्नो ब्रँड या मोठ्या कंपनीच्या दुधामुळे १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. होक्काइदोमधल्या कारखान्यात वीज गेली होती, दूध काही तास कोमट राहिले, त्यात विष तयार झाले. त्याच दुधाची पावडर केली गेली. जीवाणू उष्णतेने मेले, विष पावडरीत शाबूत राहिले, आणि ती पावडर वापरलेले दूध जवळजवळ तीन महिन्यांनी शेकडो किलोमीटर लांबच्या ओसाकाच्या लोकांनी प्यायले. अशा अन्नात जिवंत जंतू शोधत बसलात तर अहवालात काहीच आढळणार नाही. विषाची चाचणी वेगळी असते, आणि ती सांगितल्याशिवाय होत नाही.

इथे एक गोष्ट ग्राहकांच्या बाजूने नव्हे, पण खरी म्हणून लिहायला हवी. पोट बिघडले की आपण शेवटच्या जेवणावर खापर फोडतो. ते पुष्कळदा चुकीचे असते. साल्मोनेला या जीवाणूला लक्षणे दाखवायला सहा तासांपासून सहा दिवस लागू शकतात. ई. कोलाय ओ१५७ हा भयंकर प्रकार बहुधा तीन-चार दिवसांनी उठतो आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकतो. हेपटायटिस ए साधारण चार आठवड्यांनी दिसतो. लिस्टेरिया या जीवाणूचा गंभीर आजार तर काही वेळा दोन महिन्यांहूनही अधिक काळाने. म्हणजे आज ताप आलेल्या गरोदर बाईला महिन्यापूर्वी काय खाल्ले ते आठवायला सांगायचे! शिवाय घरी आणलेले शिजवलेले अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये गेले नाही आणि सकाळी खाल्ले, तर त्या आजाराची सगळी जबाबदारी विकणाऱ्यावर टाकता येत नाही. न्यायालय तो प्रश्न विचारणारच, आणि विचारायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जाहीर केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात वर्षाला ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. त्यांत सव्वा लाख पाच वर्षांच्या आतली मुले. यातल्या बहुतेक आजारांत नेमका घास कोणता हे कुणालाच कधी कळत नाही.

कायदा या बाबतीत मुळीच काही करत नाही असे नाही. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझली गावात मे डोनोह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर एका कॅफेत गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअरची बाटली मागवली. काच गडद, आतले दिसेना. अर्धी प्यायल्यावर उरलेली ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असे तिचे म्हणणे होते. ती आजारी पडली. पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे विक्रेत्याशी तिचा करारच नव्हता. मग दाद मागायची कुणाकडे? १९३२ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की बाटली भरणाऱ्याने शेवटच्या पिणाऱ्याची काळजी घेतलीच पाहिजे, मग त्या दोघांत पैशांचा व्यवहार झालेला असो वा नसो. जगभरच्या न्यायालयांनी हे तत्त्व पुढे नेले. पुष्कळ देशांत पुढे असेही ठरले की सदोष माल विकणाऱ्याचा निष्काळजीपणा ग्राहकाला सिद्ध करावा लागणार नाही. मालात दोष होता, नुकसान झाले आणि ते त्या दोषामुळे झाले एवढे दाखवले की पुरे.

पण या तिसऱ्या गोष्टीशी आमच्यासारख्यांची गाडी अडते. त्या प्रसिद्ध खटल्याचा शेवट फार थोड्यांना माहीत असतो. बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हे न्यायालयात कधी तपासलेच गेले नाही. बाटली भरणारा मध्येच वारला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. पुरावा मांडायची वेळ आली असती तर त्या बाईने चार वर्षांनी काय दाखवले असते?

आता याच्या उलट घडलेली गोष्ट. दक्षिण आफ्रिकेत २०१७ च्या सुरुवातीपासून लिस्टेरियाची साथ सुरू होती. हजाराहून अधिक रुग्ण, दोनशेच्या वर मृत्यू, आणि उगम सापडेना. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोतल्या मोठ्या रुग्णालयात एका पाळणाघरातली नऊ मुले एकदम आली. तिथल्या बालरोगतज्ज्ञाला अन्नाचा संशय आला आणि त्याने त्याच दिवशी कळवले. त्याच दिवशी आरोग्य कर्मचारी पाळणाघरात पोचले आणि फ्रिजमधले पोलोनी, म्हणजे तिथले तयार मांस, उचलून घेऊन गेले. त्यातून धागा कारखान्यापर्यंत गेला, जंतूची जनुकीय ओळख रुग्णांतल्या जंतूशी जुळली, मार्चमध्ये सरकारने कारखान्याचे नाव जाहीर केले आणि वर्ष संपायच्या आत न्यायालयाने पीडितांना सामूहिक दावा करायची परवानगी दिली. एक फ्रिज, एक सजग डॉक्टर, आणि ‘त्याच दिवशी’ हे दोन शब्द. आमच्या प्रकरणात अधिकारी तिसऱ्या दिवशी आले होते.

म्हणून माझे मागणे असे आहे. एकावेळी मोठ्या संख्येने पाने वाढणाऱ्या प्रत्येकाला, मग तो केटरर असो, वसतिगृह असो, शाळेचे स्वयंपाकघर असो की कार्यालयाची खानावळ, प्रत्येक पदार्थाचा छोटा नमुना बाजूला काढून ठेवणे सक्तीचे हवे. ही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. १९९६ साली जपानच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ओ१५७ पसरला, हजारो मुले आजारी पडली आणि काही दगावली. पुढच्या वर्षी तिथे मोठ्या स्वयंपाकघरांसाठी नियमावली आली : कच्चा माल आणि शिजवलेला पदार्थ, प्रत्येकी साधारण ५० ग्रॅम, स्वच्छ पिशवीत, उणे २० अंश किंवा त्याहून थंड, निदान दोन आठवडे. दोन आठवडे का, हे वर दिलेले आजारांचे कालावधी पाहिले की कळते. चीनमध्ये अशा सामूहिक स्वयंपाकघरांना १२५ ग्रॅमचा नमुना ४८ तास ठेवावा लागतो. मला ही मुदत अपुरी वाटते, पण आमच्या रात्रीसाठी तेवढीही पुरली असती.

५० ग्रॅम म्हणजे किती, तर दोन-तीन मोठे चमचे. बारा पदार्थ असले तर बारा लहान पिशव्या, फ्रीझरचा एक कप्पा, पेनने तारीख आणि वेळ. साठ माणसांना जेवू घालणाऱ्याला हा खर्च जड आहे असे कुणी म्हणाले तर मी त्याच्याकडे जेवणार नाही. तज्ज्ञ मंडळी म्हणतील की गोठवल्याने काही जंतू मरतात, क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जन्ससारखा तर नक्कीच कमी होतो. बरोबर आहे. मी स्वतः असे नमुने हाताळले आहेत. पण फुगलेल्या पिशवीतल्या चार दिवसांच्या कालवणापेक्षा गोठलेला, नाव-तारीख घातलेला नमुना मी कधीही पसंत करीन, आणि विष तर गोठवूनही जात नाही.

आणि याला दात हवेत. नमुना ठेवायचा नियम असताना ज्याच्याकडे तो नाही, त्याच्याविरुद्ध न्यायालयाने प्रतिकूल अनुमान काढावे : तुमच्या ताब्यात असायला हवा होता असा पुरावा तुम्ही ठेवला नाही, आता अन्न चांगले होते हे तुम्ही सिद्ध करा. तेवढे एक पाऊल उचलले की ‘सिद्ध झालेले नाही’ हे वाक्य खाणाऱ्याच्या माथ्यावरून उतरेल.

प्रामाणिक व्यावसायिकाने या नियमाला भिऊ नये. २०११ साली जर्मनीत ई. कोलायची साथ आली, पन्नासहून अधिक माणसे मेली. सुरुवातीला बोट स्पेनच्या काकड्यांकडे दाखवले गेले. शेतकऱ्यांचा माल जागेवर सडला, आणि नंतर कळले की काकड्या निर्दोष होत्या. खरा दोषी मोड आलेली मेथी होती. ती पानावर सजावटीइतकीच असते, म्हणून विचारल्यावर रुग्णांना आठवतच नव्हती. शेवटी तपास करणारे जेवायला गेलेल्या गटांची बिले घेऊन आचाऱ्याकडे गेले आणि विचारले, या पदार्थात तू काय काय घातले होतेस? रुग्णाच्या आठवणीपेक्षा आचाऱ्याची कृती खरी ठरली. नमुना हाताशी असता तर त्या स्पॅनिश शेतकऱ्यांवर ती वेळ कदाचित आली नसती. जपून ठेवलेली पिशवी निर्दोष माणसालाही सोडवते.

कागद बोलतात तेव्हा काय होते तेही पाहिले आहे. अमेरिकेत २००८-०९ मध्ये शेंगदाण्याच्या उत्पादनांतून साल्मोनेला पसरला, नऊ मृत्यू झाले. चाचणीत साल्मोनेला आढळला हे माहीत असूनही माल पाठवला गेला होता, हे कंपनीच्याच पत्रव्यवहारातून उघड झाले. २०१५ साली कंपनीच्या मालकाला २८ वर्षांची शिक्षा झाली. माझ्या व्यवसायातल्या लोकांना मी हे मुद्दाम सांगत असते : आपला अहवाल निम्मा खटला असतो.

त्या अहवालाबद्दलही एक मागणे आहे, आणि ते माझ्याच जुन्या खात्याकडे आहे. ‘रोगजंतू आढळले नाहीत’च्या वर दोन ओळी छापल्या पाहिजेत : नमुना घटनेनंतर किती तासांनी पोचला आणि पोचला तेव्हा कोणत्या तापमानाला होता. सडून आलेल्या नमुन्यावर ‘तपासणीयोग्य नाही’ एवढेच लिहावे, निष्कर्ष लिहूच नये. त्या दोन शब्दांनी पुरवठादाराची ढाल गळून पडते. मी हे नोकरीत असताना मागायला हवे होते. तेव्हा फॉर्म छापील आहे, त्यात जागा नाही, असे वाटायचे.

डॉक्टरांना हात जोडून सांगणे की एकाच जेवणानंतर दोन-तीन रुग्ण आले तर अँटिबायोटिकच्या आधी शौचाचा नमुना घ्या. कॅरी-ब्लेअर माध्यमाची नळी महाग नसते आणि तिच्यात नमुना टिकतो. उपचार एका मिनिटानेही लांबत नाही. आणि वाचकांना : जेवलेल्या सगळ्यांची यादी करा, जे आजारी पडले नाहीत त्यांचीसुद्धा. काय खाल्ले आणि काय नाही, किती वाजता त्रास सुरू झाला, एवढे वहीत लिहा. आजारी असलेल्यांत जो पदार्थ समान आणि धडधाकटांनी जो सोडला, तो शोधून काढण्याची ही जुनी आणि भरवशाची रीत आहे, आणि नमुना नसला तरी ती काही अंशी उभी राहते. दिवाणी दाव्यात शंभर टक्के खात्री लागत नाही, अधिक शक्य काय हे पाहतात. आम्ही चौघांनी ती यादी दोन महिन्यांनी केली. तोवर कोण काय जेवले ते कुणालाच आठवत नव्हते. कोणत्याही कागदावर सही करू नका, निदान रुग्ण घरी येईपर्यंत तरी.

शेवटचे मागणे आपल्याकडे, संपादक महोदय. आपला वार्ताहर पहिल्या दिवशी रुग्णालयात जातो, खाटांचे फोटो येतात, बाधितांचा आकडा येतो. पंधरा दिवसांनी त्याला एकदा प्रयोगशाळेत फोन करायला सांगा. अहवाल काय आला हे तर विचाराच, पण त्याआधी पलीकडून जो कुणी बोलेल त्याला विचारा की नमुना कोणत्या तारखेला पोचला, कशात भरून आला आणि हाताला थंड लागत होता का. ते छापा. माझ्या टेबलावर ३१ वर्षांत असा एकही फोन आला नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ